थंड दिसलेले रान

लिहिणे हे माझे काम नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयात वीसेक वर्षे भूगोल शिकवून झाल्यावर, बरोबरीचे लोक निवृत्तीचे बेत करू लागले त्या वयात मी पीएच.डी. केली आणि तिच्या पुढच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवली. तेव्हा शेतीवर किंवा शास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही, आणि वाचकांचा वेळ घेत असल्याबद्दल मी आधीच क्षमा मागते. मात्र पुढे सांगते ती हकिगत माझ्याच चुकीपासून सुरू होते, आणि आपली चूक सांगायला पात्रता लागत नसावी.

माझे काम थोडक्यात असे. उपग्रह दर काही दिवसांनी सकाळच्या वेळी आपल्यावरून जातो आणि जमीन किती तापली आहे याचे चित्र घेतो. भिजलेल्या, पिकाने भरलेल्या रानातून पाणी हवेत उडत असते, म्हणून ते थंड राहते. कोरडे रान तापते. या फरकावरून कोणते शेत किती पाणी वापरते याचा हिशेब मांडता येतो. मी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके निवडले. त्यामागे शास्त्रीय कारण फारसे नव्हते; मी आंबेगावची, आणि एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येत होते.

जुन्नरकडच्या एका गावात कालव्याच्या एकाच चारीवर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था आहे. उन्हाळी आवर्तनाला, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या फेरीला, पाणी कमी येणार होते आणि कोणाची पाण्याची पाळी तोडायची यावरून तिथे रोज जुंपत होती. त्यांनी माझा नकाशा मागितला, मी भीतभीतच दिला. निळा जितका गडद, तितके पाणी जास्त. सर्वांत गडद निघाला तो चारीच्या शेवटाला असलेला टोमॅटोचा पट्टा. झाले! त्या पट्ट्याच्या पाळीचे तास निम्मे करायचे, एवढे फक्त सभेत मंजूर व्हायचे उरले.

सभेला पंधरा दिवस असताना मातीचे नमुने घ्यायला मी त्या पट्ट्यात गेले. बांधावर माझ्याच वयाची एक शेतकरीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुमीच का त्या निळ्या मॅडम?"

मी मान हलवली.

"मंग सांगा, माझं रान लई पाणी पितंय ते पितंय कुठनं? ठिबक हाय, वर मल्चिंग पेपर हाय. शेततळं एकदा भरलं की पुढच्या पाळीपतोर पुरवते मी. तिकडं वरच्या अंगाला ऊसवाले पाट फोडून सोडत्यात, अन् चोर आमी?"

रोपे वीतभर होती. बाकी सगळे रान त्या चंदेरी प्लास्टिक कागदाच्या पट्ट्यांनी झाकलेले. मी पिशवीतला तापमापक काढला. तो लांबूनच, स्पर्श न करता, तापमान सांगतो. कागदावर रोखला आणि आकडा तिला दाखवला. "बघा वहिनी, हेही यंत्र थंडच सांगतंय."

"यंत्र ठिवा बाजूला. हात लावा."

मी तळवा टेकवला आणि झटक्यात ओढून घेतला. चांगलाच चटका बसला होता.

"थंड हाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग बसा की मांडी घालून! च्या तिथंच आणते."

चकाकणारी चंदेरी वस्तू आपली उष्णता बाहेर फारशी दाखवत नाही, त्यामुळे असल्या यंत्राला ती आहे त्याहून थंड भासते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. तरीही कागद पाहिला, थंड म्हटले, आणि पुढे थंड म्हणजे ओले असे धरून चालले. उपग्रहाने जे पाहिले ते मी वाचले चुकीचे, आणि सर्वांत काटकसरीने पाणी देणारे लोक सर्वांत उधळे ठरवले.

माझे मार्गदर्शक वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत. ते म्हणाले, "मॅडम, दुरुस्ती पुढच्या अहवालात करू. सभेत कशाला?" पण अहवाल येईपर्यंत टोमॅटो वाळले असते. मी कागद पसरलेली शेते उपग्रहाच्याच दुसऱ्या, साध्या चित्रांवरून ओळखून वेगळी केली, पुन्हा सगळे गणित केले आणि सभेला गेले.

तिथे उभे राहून "नकाशा चुकला आहे, चूक माझी आहे" एवढी दोन वाक्ये बोलले. नवा नकाशा भिंतीवर दाखवला. टोमॅटोचा पट्टा फिकट झाला होता.

"म्हंजे कालचा खोटा," संस्थेचे चेअरमन म्हणाले, "मंग आजचा खरा कशावरनं?"

"चेअरमनचा ऊस काळानिळा दिसतोय, त्यावरनं!" मागून कोणीतरी ओरडले आणि सभा हसली.

चेअरमन हसले नाहीत. ते नकाशाजवळ गेले आणि चारीच्या मधल्या अंगाला असलेल्या एका गडद निळ्या रेघेवर त्यांनी बोट ठेवले. "ह्ये बघा. हे पडीक रान हाय. इथं कोणी दाणा टाकत न्हाई. इथं पाणी कोण पितंय, मॅडम?"

मी म्हणाले, "जाऊन पाहू या."

आयुष्यात प्रथमच मी मोटरसायकलींच्या ताफ्यात, एका अनोळखी शेतकऱ्याच्या मागे बसून, माझ्याच निकालाकडे निघाले. चैत्र सरत आलेला, दोन्हीकडे रान करपलेले. चारीच्या मातीच्या भरावाखाली गाड्या थांबल्या. समोर हिरवागार लव्हाळा, कमरेइतका उंच. चेअरमन पुढे झाले आणि त्यांचा पाय चिखलात नडगीपर्यंत गेला. भराव आतून पोखरला होता. कित्येक आवर्तनांचे पाणी कोणाच्याही शेतात न जाता तिथे झिरपत होते.

"कोणीच चोर नव्हता की राव," एक म्हातारे शेतकरी हळूच म्हणाले.

टोमॅटोच्या पट्ट्याची पाळी कोणीही तोडली नाही. आवर्तन सुटायच्या आत गावाने भराव खणून पक्का केला, आणि त्या उन्हाळ्यात चारीच्या शेवटापर्यंत पाणी पोचले. ते पोचले त्या सकाळी वहिनींचा फोन आला. त्यांनी फोन पाण्याजवळ धरला असावा, मला नुसता पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि संकोच न बाळगता सांगते, मोठ्याने हसले.

आता आंबेगावातल्या चाऱ्यांचे नकाशे मी करते आहे, आणि प्रत्येक नकाशा कागदावर उतरवण्याआधी रानात जाऊन हात लावते. म्हणून विचारते: तुमच्या शिवारात भर उन्हाळ्यातही, कोणी न पेरता, हिरवी राहणारी एखादी जागा आहे का?