फळ्यावरचं सतरा नंबरचं शेत

इंग्लंडमधल्या आमच्या ॲग्रिकल्चरल कॉलेजच्या क्लबात भिंतीवर ओकचा लांबलचक फळा होता. क्लबचा सगळा इतिहास त्यावर. सदस्याचं नाव आणि पुढे त्याच्या शेताचं, सोनेरी अक्षरांत. एकाचा वळू प्रदर्शनात पहिला आलेला, एक पार्लमेंटात गेलेला, एकानं बटाट्याची नवी जात काढलेली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. आप्पा बर्मिंगहॅमला फाउंड्रीत कामाला. क्लबात शिरायला सरळ नांगरट करून दाखवली, मेंढ्यांची बाळंतपणं केली, मतं पडली, निवडून आले. मग सेक्रेटरीनं विचारलं, "शेताचं नाव?"

"अलॉटमेंट आहे. भाजी लावायला कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेला तुकडा. प्लॉट सतरा."

"तो भाजीचा वाफा! अगं, ज्याला फाटक असतं ते शेत."

"फाटक आहे. कुलूपसुद्धा आहे."

"आणि ट्रॅक्टर कुठे ठेवता?"

"खिशात."

पोरं हसली. नाव रंगवण्याआधी क्लबनं नव्या सदस्याचं शेत चालून यायचं, असा नियम होता. सेक्रेटरी म्हणाला, "जाऊ दे, तुझं नुसतं नाव लिहू. पुढची जागा मोकळी."

"मोकळी नको. नियम सगळ्यांना सारखा. या."

फोनवर आप्पा वैतागले. "गावाकडच्या शेताचं नाव दे की! चांगलं चार एकर आहे तुझ्या काकांचं. त्या तुकड्याचं काय सांगायचं?"

"आप्पा, ते मी एकदा पाहिलंय फक्त. हाताला फोड आले ते कुठल्या मातीत?"

आप्पा म्हणाले, "मग येऊ देत."

रविवारी मिनीबसमधून गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घातलेली पोरं उतरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला मिनिटही लागलं नाही. मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मी मान खाली घातली नाही.

क्लबचे अध्यक्ष, ते वळूवाले म्हातारे, खाली वाकले. मनगटापर्यंत हात मातीत घातला.

"खत कुठलं?"

"पोलिसांच्या घोड्यांचं," आप्पा आपल्या इंग्रजीत म्हणाले.

"किती वर्षं?"

"ही चालायला लागली तेव्हापासून."

म्हाताऱ्यांनी पुन्हा एक फेरी मारली, या वेळी सावकाश. मेथीपाशी थांबले. आप्पांनी मुळासकट जुडी उपटून हातात दिली. त्यांनी पान चावलं, तोंड वाकडं केलं, पण जुडी सोडली नाही.

बाहेर पडताना ते सगळ्यांत शेवटी होते. फाटक ओढलं, कडी लावली, एकदा हलवून पाहिली. स्वतःच्या शेतावर गुरं सुटू नयेत म्हणून बघत असतील तशी. आमच्या फाटकाच्या आत सुटायला एक कोंबडीही नव्हती.

"काय लिहायचं?" सेक्रेटरीनं त्यांना विचारलं.

"मला काय विचारतोस? शेत तिचं आहे."

"प्लॉट सतरा, बर्मिंगहॅम," मी म्हणाले.

पदवीच्या दिवशी आप्पा सूट घालून आले. हॉलमध्ये जायच्या आधी फळ्यासमोर उभे राहिले, बराच वेळ.

"सातचा आकडा जरा वाकडा आलाय," म्हणाले, आणि रुमाल काढून तो पुसला.