खरसुंडीत भाजलेला तळहात

खरसुंडीला नाथबाबाच्या दारात मी गेलो तो एका माणसाचं वाईट मागायला. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजणार नाही. तो माणूस म्हणजे शंकरअण्णा, आमच्या बाजारातला बैलांचा दलाल. मी कुंडलचा. घरची जमीन नावापुरती. एका खोंडापासून सुरुवात करून स्वतःच्या हिमतीवर बैलांचा व्यापारी झालो. घासाघिशीत मला कुणी हरवलं नव्हतं. पंधरा वर्षं अण्णाबरोबर धंदा केला आणि त्यानंच मला भर बाजारात खड्ड्यात घातलं, हा राग मी दोन वर्षं जपला होता.

आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा. साक्षीदार नसतो, म्हणूनच आत दिलेला शब्द फिरवायचा नाही. एका खिलारी जोडीचा भाव वीस हजारांच्या वर किती हजार, एवढंच ठरायचं होतं. मी अण्णाची तीन बोटं दाबली. टॉवेल निघाल्यावर तो मालकाला म्हणाला, "पाच. दिली जोडी." मी अण्णाची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "तू पाच दाबलीस गड्या. नाथाची आण." जोडी मला घ्यावी लागली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

त्याच सुमारास डोकं दुखायला लागलं. मागच्या बाजूला, मान जिथं कवटीला मिळते तिथं. खोकलो, शिंकलो, हसलो की कळ. ओरडलो तर डोळ्यांपुढं अंधारी. आणि माझा धंदा सगळा ओरडण्याचा. बायको म्हणाली, "आवं, बरंच झालं की. आमी सांगून थकलो, आता डोस्कंच सांगतंय गप बसा म्हणून." विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांनी मणक्याची झीज सांगून मानेला पट्टा दिला. तो घालून बाजारात गेलो तर एक जण म्हणाला, "आज तुमालाच जू घातलंय व्हय? दात दावा, वय बघतो." दुसऱ्या डॉक्टरांनी चष्मा बदलायला लावला, तिसऱ्यांनी राग कमी करा असं सांगून तपासणीची फी घेतली. शेवटी पलूसच्या एका देवऋषी बाईनं करणी असल्याचं सांगितलं. कुणाची, विचारलं तर म्हणाली, "जवळचाच हाय, वयानं मोठा." मला एवढं पुरे होतं. अण्णाचा धंदा बुडाला तर नाथाला चांदीचा घोडा वाहीन, असा नवस बोलायला मी खरसुंडी गाठली.

संध्याकाळची धुपारती चालू होती. गर्दीत आरतीचं पितळी तबक हातोहात पुढं सरकत होतं. मधोमध कापूर पेटलेला, काठ तापलेला. जो तो उपरण्याच्या टोकात धरून पुढं देत होता. माझ्याकडं आलं तेव्हा मी ते उघड्या उजव्या हातावर घेतलं आणि मनातल्या मनात अण्णाचा हिशोब नाथाला सांगत उभा राहिलो. शेजारची म्हातारी ओरडली तेव्हा खाली बघितलं. तळहाताचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं, वास येत होता, आणि मला काहीच होत नव्हतं. मग कुणीतरी "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं आणि ती म्हातारी चक्क माझ्या पाया पडली. आणखी दोघं पुढं आले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. नाथानं माझी बाजू घेतली असंच मी धरून चाललो.

तेवढ्यात एका उंच माणसानं माझं मनगट धरून मला बाजूला ओढलं. लष्करी इस्पितळात सगळी नोकरी काढलेले म्हसवडकडचे निवृत्त सुभेदार होते ते. जखमेवर पाणी ओतत त्यांनी विचारलं, "खोकल्यावर डोकं दुखतं का? मागं?"

मी म्हटलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या हातानं. ही शेवटची दोन बोटं कवापासनं आखडल्यात? देव देवाच्या जागी ऱ्हाऊ दे, तू पुण्याला जाऊन मेंदूचा फोटो काढ. असा एक जवान बघितलाय मी."

मी भांडलो. पाया पडणारी माणसं सोडून याचं का ऐकायचं? त्यांनी माझ्याच रुमालानं हात बांधला, कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि म्हसवडची एसटी पकडायला निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

भांडलो तरी त्या चार ओळी घेऊन पुण्याला गेलोच, आणि तिथला फोटो घेऊन मिरजेच्या डॉक्टरांपुढं बसलो. ते शेतकऱ्याच्याच घरातले होते, त्यांनी समजेल असं सांगितलं. कवटीच्या तळाला भोक असतं, तिथून मेंदूचा दोर पाठीच्या कण्यात उतरतो. माझ्या लहान मेंदूची टोकं त्या भोकातून खाली लोंबत होती. पाटाच्या मोरीत पाचटाचा बोळा बसावा तसं मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडली होती. ते पाणी आत शिरून दोराच्या गाभ्यात पोकळी झाली होती. ऊन-गार, भाजणं कळवणाऱ्या शिरा तिथूनच जातात. हाताची ताकदही तशीच गेली होती, बोटं आपोआप वळत होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. जन्मतःच घडण अशी आहे."

"चाळीस वर्षं कुठं होतं मग?"

"तिथंच होतं. आता जाणवलं."

मला भयंकर संताप आला. ज्याची गचांडी धरावी असा माणूसच नाही, असा व्यवहार मी आयुष्यात पाहिला नव्हता. ऑपरेशन केलं तर हात सुधारेल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आहे ते राखायचं. गेलेलं येईलच असं नाही." मी म्हटलं, निम्मं तरी? ते हसले. "इथं भाव नाही हो पाटील." रात्री दवाखान्याच्या खाटेवर बोटं बघत पडलो तेव्हा लक्षात आलं. मी तीन दाबली होती, आणि उरलेली दोन स्वतःहून वळून बसली होती. अण्णाला पाचच कळली होती.

निरोप दिला, अण्णा मिरजेला आला. खाटेवर बसून सगळं ऐकलं आणि माझा हात उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "हात बिघडलाय ह्ये मला त्या सौद्याच्या दोन बाजार आधीच कळलं हुतं रं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू कवा कुणाला बोलू दिलंस?"

ऑपरेशनच्या सकाळी मागचे केस काढायला न्हावी आला, तेव्हा नाथाला काय कबूल करावं ते कळेना. देण्यासारखं काही सुचत नव्हतं, मागायचं धाडस होत नव्हतं. पहिल्यांदाच त्याच्यापुढं रिकामा पडून राहिलो. "तू बघ" एवढंच म्हटलं.

डोकं आता दुखत नाही. बोटं जिथं होती तिथंच थांबली. सौदे अण्णा करतो, मी शेजारी उभा असतो आणि तो सांगेल तो भाव मान्य करतो. सुभेदारांना म्हसवडच्या यात्रेत दोनदा शोधलं, भेटले नाहीत. त्यांना कुणी पाठवलं असेल यावर मी वाद घालत नाही. नमस्कार मात्र नाथाला आणि सुभेदारांना, दोघांनाही करतो.

उजव्या हाताला ऊन-गार अजून कळत नाही. सकाळी मोरीवर बसलो की बायको बंबातलं पाणी बादलीत गार पाणी घालून विसणते, त्यात स्वतःचा हात घालून बघते आणि म्हणते, "घ्या आता." खात्री केल्याशिवाय मी कधी कुणाकडून बैलाची वेसणही घेतली नव्हती. आता ती घ्या म्हणाली की डोळे मिटतो आणि तांब्या डोक्यावर ओततो.