चूलबंद

माझ्या शिवणाच्या खोलीच्या दारावर एक पाटी टांगलेली आहे: "मापाचा ब्लाउज आणावा. फोटो चालणार नाही." बायका ती वाचून हसतात आणि तरीही फोटो पाठवतात. परवा एकीने कुणाच्या तरी पाठीचा फोटो पाठवून कळवलं, असाच शिव. मी तिला फोन करून म्हटलं, "फोटो राहू दे, बाई. पाठ तुझी आण."

आटगावच्या पुढच्या एका गावात मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. छाती, कंबर, बाही, मुंडा, गळा, सगळ्यांची मापं माझ्या लांब वहीत आहेत. प्रत्येकीच्या नावासमोर तिच्या कापडाचा एक तुकडा टाचलेला आहे. मुलगा म्हणतो, हे सगळं मोबाइलमध्ये भर. मी भरत नाही. वही उघडली की कापडाला हात लागतो, आणि हात लागला की मला ती बाई आठवते. तिचा डावा खांदा उतरलाय हेही आठवतं. हल्ली असं म्हणायची पद्धत आहे की आपण काही मोबाइलच्या विरोधात नाही. मी आहे विरोधात. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमचं घर बांधून झालं. मातीच्या भिंती गेल्या आणि वर स्लॅब पडला. माझे यजमान त्याआधीच गेले होते, त्यामुळे घर उभं केलं ते मी आणि मुलाने. भाताची झोडणी आटोपल्यावर मार्गशीर्षात पूजा घालायची ठरवली. तेव्हा माझ्याकडे लग्नसराईचे ब्लाउज साठले होते, मशीनवरून उठायला फुरसत नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, तू दारोदार फिरू नको. मी कार्ड बनवतो, ग्रुपवर टाकतो." त्याने बनवलंही. गणपती गोल फिरत होता, खाली सनई वाजत होती, आणि "सहकुटुंब सहपरिवार" ही अक्षरं फुलांतून उमलत होती. मला दाखवून विचारलं, धाडू का? मी मान वर न करता म्हटलं, "धाड."

त्या एका शब्दाचा राग मला अजून येतो, आणि तो मुलावर नाही, माझ्यावर येतो.

आमच्याकडे बोलावणं हातात तांदूळ घेऊन करतात. घरच्या भाताचे तांदूळ हळदीत घोळवायचे, घरच्या बाईने प्रत्येक दारी जायचं, चिमूटभर तांदूळ उंबऱ्यावर ठेवायचे आणि बोलावणं कसलं आहे ते तोंडाने सांगायचं. "घरटी एक" म्हटलं तर त्या घरातून एकाच माणसाने यायचं. "जोडीनं" म्हटलं तर नवराबायकोने. आणि "चूलबंद" म्हटलं, की त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. म्हातारी, पाळण्यातलं पोर, माहेरी आलेली लेक, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. तो कागदावर लिहून देता येत नाही आणि फोनवरूनही देता येत नाही, कारण तो सांगणारीच्या तोंडून आणि ऐकणारीच्या दारातच द्यायचा असतो.

पूजेला दीडशे पानांचा स्वयंपाक केला होता. वालाचं बिरडं, भात, जिलबी. जेवायला आली चाळीस-पंचेचाळीस माणसं, प्रत्येक घरातून एक. तेही बहुतेक कर्ते पुरुष, तीर्थप्रसाद घेऊन, जेवून, हात धुऊन परत गेले. मुलगा पुन्हा पुन्हा फोन काढून मला दाखवत होता, "सगळ्यांनी बघितलंय, आई. सगळ्यांनी अंगठे टाकलेत." आमच्या सासऱ्यांची पिढी अंगठेबहाद्दर होती, त्यांना लिहिता येत नव्हतं. आता शाळा-कॉलेज शिकून सगळे पुन्हा अंगठ्यावर आलेत.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारलं, "पोरांना का नाय आणलंस?"

ती म्हणाली, "कार्डावर सहकुटुंब सगळेच लिवतात गो. ते छापील असतं. तू येऊन चूलबंद बोलली असतीस तर आलो असतो. न बोलावता घर घेऊन आले असं कुणी म्हणाया नको."

म्हणजे कुणी रागावलं नव्हतं. सगळी शहाण्यासारखी वागली होती आणि माझा भात पातेल्यात राहिला होता.

त्याहून वाईट मला नंतर कळलं. यजमानांची थोरली बहीण मुरबाड तालुक्यात दिलेली आहे, सरळगावच्या आतल्या बाजूला. आम्ही सगळे तिला बाय म्हणतो. माझ्या सासरच्या घरात आता वडीलधारं माणूस म्हणून तीच उरली आहे. ती पूजेला आली नव्हती. तब्येत बरी नसेल असं धरून चालले होते. तिच्या मुलाला फोन केला तर तो अवघडून म्हणाला, "मामी, मी आईला सांगितलं होतं. ती म्हणते बोलावणं आलंच नाय." माझ्या मुलाने लगेच पुरावा काढला, "हे बघ, दादाच्या नावापुढे निळी टीक आहे. वाचलंय त्यांनी." मी म्हटलं, "वाचलं तुझ्या दादाने. बोलवायचं होतं बायला."

दर शिमग्याला बायकडून वालाची पिशवी यायची. त्या वर्षी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. या दोन वर्षांत मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सून बोलली आणि आई शेतावर आहे म्हणाली. मलाही ताठा कमी नाही. मी गेले नाही. आज उद्या करत राहिले.

मग मुलाचं लग्न ठरलं, यंदाच्या वैशाखातलं. आमच्याकडे नवऱ्या मुलाला हळदीचा पहिला हात आत्याचा लागतो. आत्या नसेल तर चुलत आत्या उभी करतात, तेही चालतं, कुणी नावं ठेवत नाही. पण सख्खी आत्या दोन डोंगरांपलीकडे जिवंत बसलेली असताना मी माझ्या पोराला दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नव्हते. ती हळद बायच्या हाताने लागली नाही, तर यजमानांच्या माघारी त्यांचं घर मी तोडलं असाच त्याचा अर्थ झाला असता. निदान मला तरी तो तसाच लागला असता.

मुलगा म्हणाला, "या वेळी व्हिडिओ करू. दोघांचे फोटो, मागे गाणं."

"कर. तुझ्या मित्रांना धाड. माझ्या माणसांना मी सांगेन."

"बेचाळीस घरं आहेत. उन्हात पडशील कुठंतरी."

"पडले तर ग्रुपवर टाक."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मशीनवर कापड टाकलं, शिवणाच्या खोलीला कुलूप लावलं आणि निघाले. चार दिवस लागले. प्रत्येक दारी तांदूळ ठेवले आणि प्रत्येक दारी स्पष्ट सांगितलं, चूलबंद. शेजारणीने तर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग चहा टाकला.

तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या वाडीत गेले. तिथल्या बायका दर वर्षी आमची लावणी करतात. माझ्या बांधावर बसून भाकरी खातात, माझी चेष्टा करतात, मी शिवलेलेच ब्लाउज घालतात. पूजेला त्यांच्यातली एकही आली नव्हती आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण त्या आमच्या ग्रुपवर नव्हत्याच. अर्धी वाडी वीटभट्टीवर गेलेली होती. झोपड्यांच्या दारांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. एक म्हातारी मोहाची फुलं वाळवत होती. मी तांदूळ ठेवल्यावर म्हणाली, "मागं घराचं जेवान झालं तवा आमाला वाटलं, स्लॅबच्या घरात आमी नको असू."

लाज वाटली, एवढंच खरं. "नाय गो," म्हटलं, "माझी अक्कल गेली होती." बांधलेल्या दारांच्या उंबऱ्यांवरही तांदूळ ठेवले आणि म्हातारीला बजावलं, भट्टीवरून जे कुणी येईल त्याला सांग, चूलबंद.

चौथ्या दिवशी मुरबाडकडे. शहापूरहून किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे अर्धा तास पायी. तांदळाची पुरचुंडी पदराला बांधली होती. वाटेत दहा वेळा चाचपली.

बाय ओटीवर वाल निवडत बसली होती. मला येताना लांबून पाहिलं होतं, पण मान सुपातच.

"कोण पायजे?" तिने विचारलं.

"तुमीच."

"माझ्या लेकाच्या फोनवर टाकायचं. येवढ्या उन्हाची कशाला आलीस?"

सुनेने पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच प्यायले, बस असं कुणी म्हटलं नव्हतं. "बाय, चूक माझी हाय," मी म्हटलं. "पोराने विचारलं, धाडू का. मीच बोलले धाड."

तिने एक किडका दाणा उचलून अंगणात टाकला. "पूजेच्या दिशी मी नवं लुगडं नेसून बसले होते," ती म्हणाली. "लेक बोलला, चल, मी नेतो गाडीवर. म्हणलं, भाऊ गेला, भावजय तरी येल, नायतर कुणाच्या हाती तांदूळ तरी धाडील. दुपार कलली. मग लुगडं बदललं नि जेवले." सूप हलवून म्हणाली, "माझ्या भावाच्या घरात मी काय ग्रुपमदून येऊ?"

ते लुगडं माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तिच्या दारी यायला एक दिवस काढायला हवा होता, तो मी कुणाच्या तरी बाह्या जोडण्यात घालवला होता. पुरचुंडी सोडली आणि तांदूळ उंबऱ्यावर ठेवले.

"कसलं?" तिने विचारलं, अजून वर न बघता.

"चूलबंद. सगळ्यांनी. आणि हळदीचा पैला हात तुमचा."

"बघू," बाय म्हणाली.

एवढंच. परत येताना मला जीपमध्ये रडू आलं, आणि शेजारच्या बाईने खिडकीची जागा दिली.

हळदीच्या दिवशी अंगण भरलं होतं. या वेळी घरंच्या घरं आली होती, पोरं मांडवाच्या खांबांना लोंबकळत होती. वाडीतली म्हातारीसुद्धा आली होती, भट्टीवरून आलेल्या दोघींना घेऊन. हळद कालवून तयार होती. मुलगा पाटावर बसला होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बायका कुजबुजायला लागल्या. चुलत आत्या पदर खोचून तयार उभी होती.

"आई, टाइम होतोय," मुलगा म्हणाला. "दादाचा फोन लागत नाय. रेंजमध्ये नसतील."

"रेंज गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "बसून राहा."

बसून राहिला बिचारा. हळदीवर माश्या यायला लागल्या तशी मी ताटाला फडकं झाकलं. कुणीतरी म्हणालं, आता नाय येत ती. मी ऐकलं नाही असं केलं.

बाराच्या सुमारास रस्त्यावर टेम्पो थांबला. त्यातून आधी पोरं उतरली, मग सुना, मग लेक, मग काखेत पिशवी घेऊन बाय. मी मोजली, अकरा माणसं. अंगावर नवं लुगडं होतं. तेच की दुसरं, ते मी विचारलं नाही.

मांडवात येऊन ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. तिने पिशवीत हात घातला आणि गॅसच्या सिलिंडरचा निळा रेग्युलेटर काढून माझ्या हातावर ठेवला.

"चूलबंद बोललीस ना?" बाय म्हणाली. "ही बग, काढून आणली." मग मुलाकडे वळून, "याचा फोटो काढ नि टाक तुझ्या ग्रुपवर."

सगळ्यांत आधी मुलगाच हसला. मग ती खाली बसली, ताटावरचं फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या गालांना हळद लावली. त्याचे डोळे चुरचुरले म्हणे. मी माझे पुसले.

रेग्युलेटर शिवणाच्या खोलीत मापाच्या वहीशेजारी खिळ्याला टांगला. बाय तीन दिवस राहिली. तिने बाकीच्यांनाही जाऊ दिलं नाही. तीन दिवस तिच्या घरी चहासुद्धा झाला नाही.