धुराड्यातून न निघालेला वायू

मोहालीतल्या आमच्या ऑफिसातून चंदीगडचा सुखना तलावसुद्धा दिसत नाही, समुद्र तर लांबच. तरी आम्ही इथे बसून जहाजांच्या धुराड्यांवर नजर ठेवतो. धुरातला कार्बन डायऑक्साइड यंत्राने शोषायचा, दाबून द्रव करायचा आणि डेकवरच्या टाकीत साठवायचा. धुराड्यातून कमी निघाला की ग्राहक खूश, आमचे साहेब खूश.

त्या सकाळी एका जहाजाचा आकडा फारच झकास होता. साहेबांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. मला मात्र टाकी खटकली. ती भरतच नव्हती. धुराड्यातून गेला नाही, टाकीत आला नाही, मग वायू आहे कुठे? "सेन्सर के नखरे हैं जी," साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. त्यांच्याशी वाद न घालता मी त्या जहाजावर फोन लावला.

तिथले सेकंड इंजिनियर रत्नागिरीचे. मी साताऱ्याची हे कळल्यापासून मॅडम सोडून ताई म्हणायचे. ते निवांत होते. कॉम्प्रेसरच्या खोलीत हवेतला वायू मोजणारा मीटर ठीक दाखवतोय, म्हणाले. फिटर आत आहे, साबणाचं पाणी लावून पाइपांचे जोड तपासतोय.

तो मीटर उभ्या उभ्या वाचता यावा म्हणून आमच्याच लोकांनी डोळ्यांच्या उंचीवर बसवला होता. हा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि तिथे श्वास कोंडतो. आणि खालचे जोड माणूस उकिडवा बसूनच बघतो.

मी म्हणाले, त्याला आधी हाक मारा. त्यांनी मारली, पुन्हा मारली. मग लोखंडी जिन्यावर त्यांचे बूट वाजायला लागले.

"दारातच थांबा. श्वासाचं सिलिंडर लावल्याशिवाय आत जायचं नाही."

"ताई, तो समोर पडलाय."

"पडू दे. तुम्ही गेलात तर दोघं जाल."

त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली. पण बूट थांबले. पुढे नुसती धावपळ, सिलिंडर आणा म्हणून ओरडणं, काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज. एका माणसाला मरू द्या असं मी सांगितलंय, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. समोशांचा वास नकोसा झाला होता.

मग कोणीतरी खोकलं. खोकतच राहिलं.

"आहे," सेकंड इंजिनियर धापा टाकत म्हणाले. "वाचला."

मी भर ऑफिसात रडायला लागले.

"ताई म्हणतो म्हणून थांबलो," ते म्हणाले. "मॅडमचं ऐकलं नसतं."