जासईच्या खाचरातले फिके पराग

पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये नातवाचं खेळण्यातलं सूक्ष्मदर्शक, टिंक्चर आयोडीनची बाटली आणि दोन सुया होत्या. शेजारच्या सीटवरच्या बाई पुण्यापासून त्या सुयांकडे संशयाने बघत होत्या. गुडघ्यात टोचायला लागतात, असं मी त्यांना गंभीरपणे सांगितलं. पिकल्या केसांचं खोटं कुणी तपासत नाही.

मला जायचं होतं जासईला, बेबीकडे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. राता (खाऱ्या जमिनीतला तांबडा भात) तिच्या एका खाचरात उरलाय, गावात दुसरीकडे कुठे नाही. दोन वर्षं लोंब्या पोचट निघाल्या. होतं नव्हतं ते बियाणं यंदा पेरून झालं. यंदाही दाणा भरला नाही तर मुलगा खाचरात माती टाकून ट्रेलर उभे करायला देणार. "भरनार का नाय, तेवढं तुझ्या दुर्बिनीतून बघून सांग," बेबी म्हणाली. "वाट बघायची ताकद नाय रायली."

याच रस्त्याने मी पहिल्यांदा आले तेव्हा बावीस वर्षांची होते. परागकोशात पराग कसा घडतो यावर प्रबंध लिहायला निघालेली, गॉगल लावलेली, इस्त्रीचा पांढरा कोट पिशवीत घेतलेली. चिखलात कोट कुणाला दाखवणार होती, ते तिलाच ठाऊक. तेव्हा पनवेल सुटलं की मिठागरं लागायची. आता न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघालेल्या ट्रेलरच्या रांगेत आमची रिक्षा तासभर अडकली. त्या धक्क्यांत आयोडीनच्या बाटलीचं बूच निसटलं आणि बेबीसाठी घेतलेले बेसनाचे लाडू काळेनिळे झाले. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं, तेवढं पुरणार होतं.

बेबी फाट्यावर उभी होती. आम्ही एकाच वयाच्या. मी आले त्या वर्षी ती नवी नवरी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गॉगल कुठे हरवला, असं विचारलं. तिच्या सासूची, आयची, ती आवडती गोष्ट होती म्हणे. शहरातली पोरगी आली, बाहेर पडलेल्या लोंब्या उपटत बसली आणि आत काही सापडेना म्हणून रडली. ती पोरगी मीच. पुस्तकं पाठ, पण पराग घडण्याची वेळ आधीच निघून गेलेली. शेवटी आयने पोटरीत आलेलं (लोंबी अजून पानाच्या आवरणात असलेलं) एक धाट नखाने चिरलं आणि आतली कोवळी हिरवट लोंबी माझ्या तळहातावर ठेवली. "पोटात असतं तवा बगायचं, बाय," ती म्हणाली. सगळ्या प्रबंधात खरं वाक्य तेवढंच. मी ते माझ्या नावावर छापलं.

खाचर तीन बाजूंनी भरावात बुडालंय. वर कंटेनरच्या लाल-निळ्या भिंती. चौथ्या बाजूला खाडीचा बांध, त्याला भगदाड. पूर्वी बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल टाकायला यायचं. आता बांधामागे बेबीचंच खाचर राहिलंय, त्यामुळे ती आणि तिचं घमेलं. यंदा भात पोटरीत असताना उधाणाचं पाणी चार दिवस आत होतं.

मी विचारलं, नेमकं पोटरीतच होतं का. ती म्हणाली, अगदी पोटरीत. तिथेच माझा धीर सुटला, पण तोंडाने मी लोंब्या चांगल्या दिसतात म्हटलं. दिसत होत्याच.

दहाचा सुमार होता, फुलं उमलायची वेळ. मी न उमललेली फुलं सुईने उघडली, पिवळट परागकोश काचेवर फोडले, आयोडीनचा थेंब टाकला. बेबीला काय बघायचं ते समजावलं. या एवढ्याशा पिशवीत आधी एकेका पेशीचे चार भाग होतात, प्रत्येक भागाचा एक पराग. पिशवीला आतून एक अस्तर असतं. ते या पिल्लांना भरवतं आणि भरवता भरवता स्वतः विरघळून जातं. भरलेला पराग आयोडीनने काळानिळा होतो, रिकामा फिका राहतो.

"आजीच म्हन की त्याला," बेबी म्हणाली. "भरवायचं नि निगून जायचं."

"वेळेवर जायचं. खारं पाणी लागलं की अस्तराचं तंत्र बिघडतं, मग पिल्लं उपाशी."

मी डोळा लावला. फिके. सुरकुतलेले, फिके. दुसऱ्या लोंबीतले फिके, बांधापासून लांबच्या कोपऱ्यातलेही फिके. सोळा काचा झाल्या. एखाददुसरा काळा कण दिसला की मी काच सरकवायचे, आणि शेजारी पुन्हा ती रिकामी टरफलं. बेबीने स्वतः पाहिलं, बराच वेळ. मग पदराने काच पुसली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट होती. भाकरी बाजारच्या पिठाची, हे तिनेच सांगितलं. हात धुताना तिने विचारलं, "आयनं तुला जाताना मुडी (पेंढ्यात बांधलेलं बियाणं) दिलेली. तुझ्या कालेजात कुटं ठेवलेली असंल ना?"

तिने फोन का केला होता, ते मला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांचं बी उगवलं नसतंच, हे मी सांगू शकले असते. ते खरंही होतं. पण त्या गॉगलवालीला आणखी किती वर्षं पाठीशी घालायचं?

"प्रबंध मंजूर झाला तेव्हा मी त्याची खीर केली," मी म्हणाले. "मैत्रिणींना वाटली."

ट्रेलर जात राहिले. बेबीने तांब्या पालथा घातला.

"गोड झालेली का?"

"झालेली."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि मला रिक्षापर्यंत सोडायला चपला शोधू लागली.

परतीच्या गाडीत माझ्या बोटांवर आयोडीनचे डाग होते. लाडवांचा डबा बेबीने ठेवून घेतला होता, डाग खरवडून खाईन म्हणाली. घरी नातवाने सूक्ष्मदर्शकातून काय दिसलं ते विचारलं. मी पर्स उघडली. एक काच पुसायची राहिली होती. ती भिंगाखाली ठेवून त्याला दाखवली.

तो म्हणाला, "आजी, यात काहीच नाहीये."