मेपलखालचा नारळ

अमेरिकेतल्या श्रूजबरीत राजारामराव बर्ग्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना किल्लेदार म्हणतात. नोकरी विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची, वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे. पण दिवाळी जवळ आली की हा गृहस्थ बागकामाच्या दुकानातून मातीची पोती आणतो आणि गॅरेजमध्ये किल्ला रचायला बसतो. घरातल्या दोन्ही गाड्या महिनाभर बाहेर थंडीत. सकाळी काचेवरचं हिम खरवडताना त्यांच्या पत्नी सुलेखाबाई जे पुटपुटतात, ते न ऐकण्याची कला राजारामरावांनी बऱ्याच वर्षांत कमावली आहे.

न ऐकण्याची कला म्हणालो ते उगाच नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

माणूस मूळचा कोरेगावचा. तरुणपणी सुट्टी मिळाली की चंदन-वंदन नाहीतर अजिंक्यतारा. नुसतं फिरणं नव्हे. पोतं घेऊन कचरा गोळा करायचा, तटावर नावं कोरणाऱ्यांना झापायचं. एकदा एक पोरगा फोटोसाठी बुटांसकट एका समाधीवर चढला होता. राजारामरावांनी त्याला कॉलर धरून खाली ओढला. पोरगा रडकुंडीला आला, म्हणाला, मला माहीत नव्हतं. त्यावर हे म्हणाले होते, "माहीत करून घ्यायचं असतं." हा किस्सा अमेरिकेतल्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक कोजागिरीला सांगून झालेला आहे. शेवटचं वाक्य आता ऐकणारेच आधी म्हणतात.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रीता. गॅरेजमधल्या किल्ल्यावर मावळे मांडत, उतारावर हळीव पेरत मोठी झाली, आणि कॉलेजात गेल्यावर कॉम्प्युटरऐवजी उत्खननाचा अभ्यास घेऊन बसली. आता ती राज्याच्या पश्चिमेला फोर्ट हॅलम नावाच्या किल्ल्यावर काम करते. इंग्रज वसाहतीच्या काळातला किल्ला. मूळचा कधीच जळून गेला, सत्तर वर्षांपूर्वी पुन्हा उभारला. लोकांनी विचारलं तर राजारामराव म्हणायचे, "ती म्युझियम लाइनला आहे," आणि लगेच विषय बदलायचे. इतरांची मुलं बेलव्ह्यूला मोठमोठ्या कंपन्यांत होती, त्याचं हे दुखणं. पहिल्यांदा किल्ला बघायला गेले तेव्हा लाकडी ओंडक्यांची ती तटबंदी पाहून तिच्यासमोरच म्हणाले होते, "हा कसला किल्ला? हा तर गुरांचा गोठा." प्रीता हसली. पण त्यानंतर तीन वर्षं तिनं बापाला बोलावलं नाही.

या उन्हाळ्यात तिनंच फोन केला. जुलैत किल्ल्यावर दोन दिवसांचा सोहळा होता. हौशी माणसं जुने पोशाख घालून सैनिक, सुतार, लोहार होतात, तंबू ठोकतात, बंदुका उडवून दाखवतात. "बाबा, तुझ्या मराठी मंडळातल्या लोकांना घेऊन ये ना," ती म्हणाली. "या वेळी it's different." राजारामरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच बस, डबे, टोप्या असा विचार सुरू झाला. प्रीता पुढेही बराच वेळ बोलत होती. किल्ल्यामागं मेपलचं मोठं झाड आहे, त्याखाली एक दगड ठेवलाय, रविवारपर्यंत तिकडे कुणाला नेऊ नकोस, असं काहीतरी. का, तेही तिनं सांगितलं. हे "हो, हो" म्हणत होते आणि दुसऱ्या हातानं बसवाल्याचा नंबर शोधत होते.

शनिवारी बस निघाली. किल्लेदारांच्या पिशवीत नारळ, हळद-कुंकू आणि खडीसाखर. गडावर रिकाम्या हातानं जायचं नसतं.

किल्ल्यावर सगळं झकास होतं. लाल कोटातले सैनिक कवायत करत होते, लोखंडी हंड्यात काहीतरी शिजत होतं, प्रीता जुन्या पद्धतीचा झगा घालून धावपळ करत होती. तिनं लांबूनच हात केला. मंडळी मात्र तासाभरात कंटाळली. निमिष म्हणून नागपूरचा एक इंजिनियर बरोबर होता, तो म्हणाला, "काका, यात काही दम नाही यार. ना बुरूज, ना दरी, ना देवी."

हे किल्लेदारांना लागलं. किल्ला कसाही असो, आज तो त्यांच्या लेकीचा होता. "देवता प्रत्येक गडाला असते," ते म्हणाले. "शोधावी लागते." आणि ते शोधायला निघाले. मागं अख्खं मंडळ.

तटाच्या मागच्या बाजूला मेपलचं झाड होतं. खाली गुडघ्याएवढा, राखाडी, खडबडीत दगड. त्याच्याभोवती शिंपले मांडलेले, वाळक्या पानांची जुडी, फांदीला लाल कापडाची चिंधी. आता तुम्हीच सांगा, कोरेगावच्या माणसाला याचा अर्थ काय लागणार? राजारामरावांचा ऊर भरून आला. फोनवरचं बोलणं आठवलं का? पुसटसं काहीतरी हललं, मेपल, दगड, पण तोवर दहा फोन वर झाले होते आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बूट काढले. दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि नारळ दोन्ही हातांनी उचलून दगडाच्या कडेवर आपटला. पाणी दगडावरून ओघळलं, कुंकू त्यात मिसळून खाली उतरलं. "हर हर महादेव!" किल्लेदार गरजले आणि मंडळानं इतक्या जोरात साथ दिली की पलीकडे कवायत थांबली.

मग खोबऱ्याचे तुकडे झाले. प्रसाद वाटला गेला. राजारामरावांनी स्वतःच्या तोंडात मोठा तुकडा टाकला, तेवढ्यात पायवाटेनं प्रीता आली. तिच्याबरोबर सत्तरीची एक बाई होती, डोरीन नावाची, पांढरी वेणी घातलेली. ज्यांच्या जमिनीवर हा किल्ला बांधला होता, त्या मूळच्या लोकांपैकी.

डोरीन दगडाकडे बघत उभी राहिली. मग शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

प्रीतानं नारळाच्या करवंट्या पाहिल्या, मग बापाकडे पाहिलं. राजारामरावांच्या तोंडात खोबरं होतं. एकदा गिळलं असतं तर बोलता आलं असतं. त्यांनी गिळलं नाही. ते हळूहळू चावत राहिले, आणि त्या चावण्याच्या आड लपून बसले.

"माझी चूक आहे," प्रीता डोरीनला म्हणाली. "मी यांना सांगायला हवं होतं."

डोरीन म्हणाली की एका हिवाळ्यात तिच्या लोकांच्या बायका-मुलांना सैनिकांनी या तटाच्या आत कोंडून ठेवलं होतं. त्यातली बरीच गारठून मेली. किल्ला पुन्हा बांधताना त्यांची हाडं निघाली, ती इतकी वर्षं खोक्यांत पडून होती. या वसंतात परत मिळाली, इथं पुरली. उद्या प्रथमच त्यांची नावं घ्यायची होती. "माझ्या घरच्यांशी बोलते," ती म्हणाली. "उद्या यायचं का नाही, ते बघू." आणि आली तशी परत गेली.

राजारामरावांनी आता खोबरं गिळलं.

मंडळी सांत्वनाला धावली. भावना तर चांगली होती. हळद-कुंकवानं काय वाईट होतंय. उलट पवित्रच झालं. एकेक वाक्यासरशी राजारामराव लहान होत गेले. पाण्याची बाटली घेऊन ते दगड धुवायला वाकले, तर कुंकू आणखीच पसरलं, दगडाच्या खडबडीत अंगात मुरलं.

"बाबा, don't touch it," प्रीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "Two years लागले मला त्यांचा trust मिळवायला. Please. तू बसमध्ये जाऊन बस."

बसमध्ये सुलेखाबाईंनी हळूच विचारलं, "अहो, तिनं सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"काहीतरी म्हणाली होती," राजारामराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले. सुलेखाबाईंनी डबा उघडला नाही, पाणीही दिलं नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

तोवर मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला होता. श्रूजबरीहून तो अर्विंगच्या मराठी मंडळात गेला, तिथून कोरेगावला. धाकट्या भावाचा निरोप आला: दादा, पार अमेरिकेत आवाज घुमवलास, छाती फुगली आमची. राजारामरावांना समाधीवरचा तो पोरगा आठवला. त्याचं तोंड इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं, आठवायची ती फक्त त्याची कॉलर धरणारी आपली मूठ. माहीत नव्हतं म्हणताना त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला निदान खरंच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी ते एकटेच गाडी घेऊन निघाले. सुलेखाबाईंना फक्त "जाऊन येतो" म्हणाले. किल्ल्याच्या पार्किंगमध्ये डोरीन आपल्या माणसांबरोबर उभी होती. गाड्यांतून अजून कुणी उतरत नव्हतं. जायचं का नाही हे ठरत नसावं. राजारामरावांनी बूट काढले. का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तापलेल्या डांबरावरून चालत ते तिच्यासमोर गेले.

"काल तुम्ही विचारलंत, कुणी केलं," ते इंग्रजीत म्हणाले. "मी केलं. माझ्या मुलीनं मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

"माहीत आहे," डोरीन म्हणाली. "तुम्ही चावत होता. मी वाट बघत होते, कधी थांबता त्याची."

राजारामरावांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं तर बरं. पण पार्किंगची जमीन ती, डांबराची.

"ते ओरडलात काय?" तिनं विचारलं. "इथवर ऐकू आलं. त्याचा अर्थ काय?"

इथं एक पळवाट होती, आणि ती त्यांना स्पष्ट दिसली. देवाचं नाव आहे, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. डोरीननं मान डोलावली असती, कदाचित हसलीही असती.

"देवाचं नाव आहे," ते म्हणाले. मग थांबले. "पण आमचे सैनिक किल्ल्यावर चाल करून जाताना तसं ओरडायचे. लढाईची आरोळी आहे ती."

डोरीननं वळून मागं पाहिलं. तिच्यामागच्या गाडीत एक म्हातारा हातात टोपी घेऊन बसला होता, तोही ऐकत होता.

"तसली आरोळी त्यांनी इथं आधी ऐकली आहे," ती मेपलच्या दिशेनं बघत म्हणाली. मग तिनं गाड्यांना खूण केली. दारं उघडली, माणसं उतरली. "आम्ही जातो. तुम्ही येऊ नका."

राजारामराव त्यांच्यामागं गेले नाहीत. पार्किंगच्या कडेला फूटपाथवर, बूट शेजारी ठेवून, बसून राहिले. तटामागून आवाज येत होता. एक नाव, मग शांतता, मग दुसरं नाव. त्यांना एकही नाव धड कळलं नाही. काही नावं लहान मुलाच्या आवाजात येत होती, आणि प्रत्येक नावानंतरच्या शांततेत त्यांना कालची स्वतःची गर्जना ऐकू येत होती.

सगळं संपल्यावर प्रीता आली. हातात कागदी पिशवी, तिच्यात करवंट्या. पिशवी बापाशेजारी ठेवून तीही फूटपाथवर बसली.

"She asked me," ती म्हणाली. "तुला आधी सांगितलं होतं का, ते. मी हो म्हणाले."

"बरं केलंस."

"व्हिडिओ मला पण आला. मंडळातल्या त्या रुहीच्या आईनं वेगळा पाठवला. Proud daughter, असं लिहून."

राजारामरावांनी फोन काढला. ग्रुपवर अजून हात जोडलेली चित्रं येत होती. त्यांनी जाड बोटांनी, चुका करत करत लिहिलं: ती देवता नव्हती. तिथं कोंडून मारलेल्या बायका-मुलांना पुरलेलं आहे. प्रीतानं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. विचारलं तेव्हा गप्प बसलो आणि दोष तिनं घेतला. व्हिडिओ काढून टाका.

पाठवलं. शेजारी प्रीताच्या फोनची घंटी वाजली. ती त्याच ग्रुपवर होती. तिनं वाचलं. ग्रुपवर मग कुणाचंच काही आलं नाही. जोडलेले हातही यायचे थांबले.

"बाबा, बूट घाल," प्रीता म्हणाली. "पाय भाजलेत तुझे."

त्यांनी बूट घातले. नाड्या बांधायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. नाड्या बांधायला एवढा वेळ लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.