पाटलांची लाल गाडी आणि सिस्टर

आमच्या अंबाजोगाईच्या सिस्टर हात लावून बघितल्याशिवाय कशावरही मत देत नसत. वांगं असो, पोराचा ताप असो, नाहीतर माझं पत्रक. कागद बोटांत चोळून म्हणायच्या, "कागद बरा हाय. मजकूर लई आरडतोय." आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या या बाईंना गल्लीत कुणी नावानं ओळखत नव्हतं. सिस्टर म्हटलं की पुरे.

निवृत्तीनंतर त्यांनी जाहीर केलं, मांजरसुंब्याला एका ढाब्यामागं जुनी स्पोर्ट्स कार उभी आहे, भंगाराच्या भावात मिळतेय. घ्यावी का ते बघू. मी भडकलो. मी तेव्हा मोडक्या बसगाड्यांविरुद्ध पत्रकं वाटत होतो.

"लोकांना धड बस मिळेना आणि तुम्हाला दोन माणसांची चैन सुचतेय?"

"तू बघितली का ती? न्हाई ना? मग आरडू नको. चल."

गाडी बुटकी, बिनटपाची, कधीकाळी लाल. गंजानं पत्र्याची चाळणी झालेली. ढाबेवाला सिस्टरांच्या गावच्या पाटलांचा नातू. आजोबांची हौस त्यानं इथं आणून टाकली होती. सिस्टरांनी रोग्याचं पोट तपासावं तशी बॉनेटवर बोटं वाजवली. मग मागं डिकीवर दोन्ही तळवे टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हितं माझ्या बापाचे हात असायचे," त्या मला हळूच म्हणाल्या. "कदी सुरूच व्हायची न्हाई ही. मग आमच्या वस्तीत सांगावा यायचा. ढकलायपुरता हात चालायचा. एकदा दाराला लावला, तर चारचौघांत शिव्या खाल्ल्या बापानं."

माझं डोकं फिरलं. तिथंच घोषणा देणार, तेवढ्यात ढाबेवाला आला. "मावशी, उन्हात कशाला उभ्या? ढकलून झाडाखाली घेऊ की गाडी."

"ढकला की." सिस्टरांनी दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर ऐसपैस बसल्या. "मी बसते."

मी आणि पाटलांचा नातू मागून रेटत होतो. तो घामाघूम होऊन हसत होता. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. सिस्टर पदर सावरून सरळ पुढं बघत होत्या. झाडाखाली त्या उतरल्या.

"न्हाई घ्यायची. पत्रा गेलाय सगळा. चहा सांगा."

परतताना मी धुमसत होतो. "त्याला सुनवायचं तरी! मी पत्रक काढतो यावर."

"काय सुनवायचं? ढकलली की त्यानं." मग खुदकन हसून म्हणाल्या, "लई मऊ हाय बघ ती सीट."

गेल्या हिवाळ्यात सिस्टर कायमच्या लेकीकडे नागपूरला निघाल्या. स्टँडवर बस सुरूच होईना. "गडीमाणसं उतरा, धक्का मारा!" कंडक्टर ओरडला. निरोपाला आलेला मी व्यवस्थेचा उद्धार करत खालीच उभा. खिडकीतून सिस्टरांचं डोकं बाहेर आलं.

"आरडून सुरू व्हते व्हय रे? हात लाव!"

मी मागं गेलो, दोन्ही तळवे टेकले आणि रेटली. बस धूर सोडत निघाली. सिस्टर आत बसून होत्या.